पितराचं पान

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर प्लास्टिकचं झाकण येतं, त्या झाकणात गाळलेलं मुगाचं पाणी. तीस मिली. तेही एका घोटात नाही, अर्धा तास लावून. हे माझं जेवण. नागपूरच्या दवाखान्यातून घरी आलो त्या दुपारी बायकोनं ते झाकण माझ्या नेहमीच्या ताटात मधोमध ठेवून माझ्यापुढं आणलं. मी तिच्यावर भडकलो. "ताट कायले आणलं? खिल्ली उडवून राह्यली काय माही?" ती गोंधळून उभी राहिली. दुसरं कशात आणायचं ते तिला सुचलं नव्हतं, एवढंच. चोवीस वर्षं ती त्याच ताटात वाढत आली होती.

मी नाचणगावचा. पुलगावकडच्या एका जिनिंगमध्ये धर्मकाट्यावर बसतो. कापसाच्या भरल्या गाड्या येतात, त्या तोलतो. तोलणाराच सगळ्यांत वजनदार, हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे की आता कुणी सुरुवात केली की शेवट मीच करून देतो. एकशे अडतीस किलो होतो. साखर, बीपी, गुडघे, झोपेत श्वास अडकणं, सगळं एकामागून एक आलं होतं. श्रावणात जिनिंग बंद असते, रजा मागावी लागत नाही, म्हणून तेव्हाच जाऊन पोट छोटं करायचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरनं समजावलं होतं, पोटाचा मोठा भाग कापून काढायचा, उरेल ते केळ्याएवढं. गावात मात्र आम्ही सांगितलं, पित्ताचा खडा काढला. खडा निघालेल्या माणसाला लोक भेटायला येतात. खाणं आवरेना म्हणून पोट कापून घेतलेल्या माणसाला पाहायला येतात.

पहिले काही दिवस पोटापेक्षा खांदाच दुखायचा. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेली हवा तिथं जाऊन बसते म्हणे. श्वास ओढायला तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं. मला दोनच गोळ्या वर नेता यायच्या आणि तिसरीला मी शिव्या घालायचो. पंधरा दिवस नुसतं पाणी, ताक, डाळीचं पाणी आणि दुधात कालवलेली एक पांढरी पावडर, तिला ओल्या भिंतीची चव. मग मिक्सर. वरणभात मिक्सरमधून, दोडका मिक्सरमधून, पपई मिक्सरमधून. पोळ्याच्या दिवशी गल्लीभर पुरण शिजल्याचा वास सुटला होता आणि मी चमच्याच्या टोकावरचा दोडका जिभेवर धरून बसलो होतो. त्या वासानं मला मळमळलं. आमच्या घरी बैल नाही, शेत नाही. माझ्या लेखी पोळा म्हणजे पुरणपोळी. तिचाच वास सोसत नाही हे कळलं तेव्हा मी मोरीत जाऊन रडलो.

भूक लागत नव्हती. हे कुणी आधी सांगितलं असेल तर तेव्हा मला ती आनंदाची बातमी वाटली असेल. पण माझा सगळा दिवसच खाण्यावर टांगलेला होता. सकाळचे तर्रीपोहे, अकराचा समोसा, दुपारचं जेवण, मग संध्याकाळी काय याची चौकशी. आता बारा वाजले काय आणि चार वाजले काय, सारखेच. आहाराच्या मॅडम फोनवर सांगायच्या, घास तीस वेळा चावा, जेवताना पाणी नको, गोड नको, तळलेलं नको, आणि पोट भरायच्या आधी थांबा. मी म्हणालो, "मॅडम, पोट कधी भरतं ते मला कळत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

चाळीस दिवसांत एकवीस किलो उतरले. बायकोनं देवापुढं साखर ठेवली. मला काहीच वाटलं नाही. आरशात पाहिलं तर कुणीतरी आजारी माणूस माझा शर्ट घालून उभा होता.

आणि खरं सांगायचं तर हे ऑपरेशन आम्ही दोघांनी मिळून करायचं होतं.

दुसरा म्हणजे माझा दोस्त. पहिलीपासूनचा. तो शेतकऱ्याचा, आम्ही दुकानदारीतले, पण दोघांचं दैवत एकच, पोटोबा. अंगानंही सारखेच. जिनिंगच्या काट्यावर आम्ही दोघं एकदम उभे राहिलो की लोक ओरडायचे, "पावणेतीन क्विंटल माल आला रे!" लग्नाच्या पंगतीत वाढपी आमच्यापुढं आला की बादली खाली टेकवूनच उभा राहायचा. दोस्ताचं लग्न काही झालं नाही. तो, त्याची आई आणि धाकट्या भावाचा संसार, सगळे एकाच घरात. त्याच्या आईला मी मावशी म्हणतो. आम्हा दोघांना समोर बसवून जेवू घालणं हाच मावशीचा सण. पोळी नको म्हटलं तर म्हणायची, "नाई म्हणणाऱ्याले दोन." आणि दोन टाकायचीच.

आम्हा दोघांचेही गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा आम्ही वर्ध्याला एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गुडघ्यांना हातही लावला नाही. एका कागदावर नागपूरच्या दवाखान्याचं नाव लिहून दिलं, म्हणाला, दोघंही जा, लवकर जा. बाहेर पडून आम्ही तर्रीपोहे खाल्ले. मी तो विषय तिथंच सोडला. दोस्तानं सोडला नाही. आठ दिवसांनी तो काट्यावर आला, खिशातून ती चिठ्ठी काढली आणि हळूच म्हणाला, "जाऊ या काय बे? तू संग असला त मी करून घेतो. एकटा मी नाई जात."

तिथं चार गाडीवाले उभे होते. मी मोठ्यानं म्हणालो, "आयका रे! हा पोट कापून घेऊन राह्यला! मंग पंगतीत काय करशीन बे, वाढप्याच्या तोंडाकडं पाहात बसशीन?" सगळे हसले. दोस्तही हसला. मग त्यानं चिठ्ठीची घडी केली, काट्याच्या खोलीतलं टेबल हलत होतं त्याच्या पायाखाली सरकवली आणि म्हणाला, "घे, कामी आली." तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही. त्या गाडीवाल्यांना हे आठवतही नसेल. माझ्या बायकोला मी सांगितलं आहे. बाकी कुणाला माहीत नाही.

पुढच्या जेठात, दशमीला, दुपारी, दोस्त रसपोळी जेवत होता. मावशी वाढत होती. तिसऱ्या वाटीनंतर म्हणाला, "माय, लय गरम होऊन राह्यलं." कपाळावरून घाम वाहायला लागला. मावशीला वाटलं जेवण जास्त झालं, तिनं ओवा दिला, पदरानं वारा घातला. पुलगावला नेईपर्यंत तो गेला. मी पोचलो तेव्हा मावशी रसाची वाटी हातात धरूनच बसली होती.

मावशीच्या घरी पितृपक्षात पितर बसवतात. गेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्याच वयाचा, त्याला ओळखणारा, पण बाहेरचा माणूस बोलावतात. त्याचे पाय धुतात, कपाळी गंध लावतात, पाटावर बसवतात. पाटावर असेपर्यंत तोच तो गेलेला माणूस. त्यानं पोटभर खायचं. शेवटी घरातली मोठी बाई तीनदा विचारते, "पोट भरलं काय?" आणि त्यानं तिन्ही वेळा भरलं म्हटलं की मग घरचे जेवतात. पितर अर्धपोटी उठला तर मेलेला वर्षभर उपाशी फिरतो, असं मावशी मानते. दोन वर्षं मीच बसलो. मला त्यात फारसं कठीण काही नव्हतं. वडे, खीर, कढी, गवारीची भाजी, पोळ्या, सगळं रेटून खाल्लं. मावशी माझ्या समोर बसायची नाही, पाठीमागं बसायची. म्हणायची, "मांगून पाह्यलं का तोच दिसतं तू."

ऑपरेशनला सहा आठवडे होत आले होते तेव्हा ती बोलवायला आली. मला पाहून दारातच थांबली. "बाप्पा! खड्यानं पार वाळवला माह्या बाबूले. दशमीले येजो. भरून काढू सारं." हातावर अक्षता ठेवल्या आणि गेली.

ती गेल्यावर बायको माझ्यावर तुटून पडली. "सांगून टाका न त्याइले. का लपवून राह्यले?"

"कसं सांगू? आपरेशन केलं म्हटलं का ते पयले हेच इचारन, माह्या पोरानं काऊन नाई केलं? मंग काय सांगू?"

म्हणून मी ठरवलं की खायचं. जगात कुणी परीक्षेसाठी इतका अभ्यास केला नसेल. बायकोनं उडदाचा एक वडा तळून कढीत भिजवला, अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा मी तीस नाही, साठ वेळा चावून गिळला. तो छातीच्या मधोमध अडकला. तासभर मी मोरीशी वाकून बसलो होतो, तोंडातून नुसता फेस येत होता. कधीकाळी मी हेच वडे दोस्ताशी पैज लावून खाल्ले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुकडा खाल्ला, अर्ध्या पेराएवढा. तो गेला. त्यावर मी हुरळून गेलो, दोन वड्यांचे इतके तुकडे, खिरीचे इतके चमचे, असा हिशोब मनात मांडू लागलो. आडात नव्हतं आणि मी पोहऱ्याला तेल लावत बसलो होतो.

दशमीला मी आणि बायको गेलो. दोस्ताच्या भावानं माझे पाय धुतले, गंध लावलं. पाटासमोर केळीचं पान मांडलेलं. मावशीनं सकाळपासून सगळं एकटीनं केलं होतं, सुनेला चुलीजवळ येऊ दिलं नव्हतं. दाराबाहेर गोवरीच्या विस्तवावर घास टाकला, कावळ्याचा घास छपरावर ठेवला, आणि मग ती येऊन बसली. सवयीनं पाठीमागं गेली. थोड्या वेळानं उठून समोर आली. मला कळलं. मागून आता तो दिसत नव्हता.

मी भाताची दोन शितं कढीत कालवून खाल्ली. वड्याचा तुकडा चावत राहिलो. मावशी म्हणाली, "आंदी खीर खाय. त्याले आंदी गोड लागे." खरं होतं. त्याला आधी गोडच लागायचं. मी खिरीचा एक चमचा घेतला. तो सुखरूप गेला, म्हणून दुसरा घेतला. मावशी इतकी टक लावून पाहत होती की तिसराही घेतला.

पाचेक मिनिटं झाली असतील. आधी कानात गुणगुण सुरू झाली. छाती धडधडायला लागली आणि घाम फुटला. साधा घाम नाही, कपाळावरून, कानामागून धार. मॅडमनी सांगितलं होतं, गोड पोटात एकदम उतरलं की असं होतं, पडून राहायचं, जातं. मला माहीत होतं की मी मरत नाही. ते माहीत असलेले तिथं मी आणि माझी बायको एवढेच होतो.

मावशीनं तो घाम पाहिला. ती अशी ओरडली की भाऊ बाहेरून धावत आला. "घाम आला! अगाई, याले बी घाम आला!" तिनं माझ्यापुढचं पान दोन्ही हातांनी ओढलं, कढी, खीर, वडे सगळं जमिनीवर सांडलं, आणि ती माझं तोंड पदरानं पुसत सुटली. "नको खाऊ. नको खाऊ रे बाबू. मी नाई म्हणत आता खाय. नाई म्हणत." मला उलटी आली. पाटावर बसल्या बसल्याच, तिच्याच पदरात.

"काई नाई झालं त्याइले!" माझी बायको मधे पडली. "मावशी, आयका. खडा नव्हता त्याइले. पोट छोटं करायचं आपरेशन केलं. गोड नाई चालत. आता बरं वाटन." ती रडत रडत हे सगळं एका दमात बोलून गेली.

मला पाटासकट मागं सरकवून भिंतीला टेकवून बसवलं. घाम हळूहळू सुकला. मावशी माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिचा पदर अजून ओला होता, तिला त्याची शुद्ध नव्हती.

"मानसाचं पोट छोटं करता येते?" तिनं विचारलं.

"हाव."

"आन् मंग मानूस खात नाई?"

"खाल्लंच जात नाई, मावशी. चार चमच्यात भरते."

"आन् घाम येऊन मरत बी नाई."

ती सांडलेल्या खिरीकडं पाहत होती. मग तिनं तो प्रश्न विचारला, ज्याच्या भीतीनं मी आठ दिवस वडे गिळायला शिकत होतो.

"माह्या पोराच्या येळेस होतं काय हे? का होतं, आन् मीच त्याले खाऊ घालू घालू मारलं?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. भाऊ दारात उभा होता, त्यानंही पाहिलं. टेबलाच्या पायाखाली ती चिठ्ठी आजही आहे. मी दर हंगामात ते टेबल पुसतो आणि ती काढत नाही.

"नव्हतं, मावशी," मी म्हणालो. "आता आता निघालं हे. त्याच्या येळेस कोनालेच माईत नव्हतं."

मावशीचे खांदे खाली आले. "मंग ठीक," ती म्हणाली. "असतं त मी त्याले वढत नेलं असतं." आणि मग ती रडली, पण ते रडणं वेगळं होतं, थकल्यासारखं. सुनेनं जमीन पुसली. मावशीनं नवीन पान आणून माझ्यापुढं मांडलं आणि त्यावर भाताचं एक शीत ठेवलं. घरात सकाळपासून कुणी जेवलं नव्हतं. रीत पुरी झाल्याशिवाय जेवणारही नव्हतं. मी पाटासकट पुन्हा पानापुढं सरकलो. ते शीत जिभेवर ठेवलं.

"पोट भरलं काय?" मावशीनं विचारलं.

"भरलं."

"पोट भरलं काय?"

"भरलं."

तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज इतका मऊ झाला की मला तिच्याकडं पाहवेना. "बाबू, पोट भरलं काय रे?"

"भरलं, माय," मी म्हणालो. मावशी म्हणायचं होतं. तोंडातून माय गेलं.

मग घरचे जेवायला बसले. मावशीनं दोन पोळ्या खाल्ल्या, खीर मागून घेतली. भाऊ माझ्या बायकोला हळूच म्हणाला की दोन वर्षांत आईला असं जेवताना पाहिलं नाही. मी भिंतीशी बसून होतो. पाटावर बसलेला माणूस म्हणजे तो स्वतः, असं हे घर मानतं. त्याच्या जागी बसून त्याच्याच तोंडानं मी त्याच्या आईला सांगून बसलो होतो की दुसरा रस्ता नव्हताच. त्याला खोडून काढायला तो येणार नाही. जिवंत असताना मी त्याला हसून गप्प केलं होतं, मेल्यावर असं.

निघताना मावशी दारापर्यंत आली. माझ्या ढगळ्या शर्टाची कॉलर तिनं नीट केली, जशी त्याची करायची.

"पुढल्या साली बी तूच येजो," ती म्हणाली. "एक शीत खाल्लं तरी चालन. फकस्त भरलं म्हणजो."

"हाव," मी म्हणालो.